पंच का तडकला ते सांगतो

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू विचारलास, २ एमएमच्या एमएस (माइल्ड स्टील) पत्र्याला डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, करायलोय, स्टील कुठलं घेऊ, आणि मशीनच्या आवाजात मला धड बोलता आलं नाही, म्हणून आता जेवण झाल्यावर निवांत लिहायलोय.

हे बघ, पाच-दहा हजारच नग काढायचे असतील तर ओएचएनएस, म्हणजे तेलात हार्ड होणारं टूल स्टील, घे, मशिनिंगला सोपं जातं, ८०० डिग्रीच्या आसपास तापवून तेलात सोडलं की हार्ड होतं. पण लाखात नग असतील तर डी-२ जातीचं स्टील. त्यात १.५ टक्के कार्बन अन् १२ टक्के क्रोमियम, त्यांचे कार्बाइड, म्हणजे फार कडक कण, तयार होतात आणि तेच धार टिकवतात. दुकानात मात्र नुसतं एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमियम) म्हणून मागू नको, त्या नावाखाली डी-३ पण मिळतं, त्यात कार्बन २ टक्क्यांच्या वर आणि ठिसूळपणा जास्त. टेस्ट सर्टिफिकेट मागायचंच, लाज वाटून घ्यायची नाही बे.

आता खरं सांगायचंय ते हे. गेल्या पावसाळ्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्याच्या लूमचं ब्रॅकेट होतं, त्याचा डी-२ चा पंच, म्हणजे डायमध्ये उतरून पत्रा कापणारा वरचा भाग, केला, खाचेचा आतला कोपरा ड्रॉइंगमध्ये होता तसाच एकदम काटकोनात ठेवला. संध्याकाळी हार्डनिंग झालं, भट्टीवाला म्हणाला टेम्परिंग (परत थोडं तापवून ताण कमी करणं) उद्या करू, आणि मीही हो म्हटलं. सकाळी जाऊन बघतो तर कोपऱ्यातून तिरकी केसाएवढी चीर. डोळ्याला नीट दिसत नव्हती, नख फिरवलं की अडकायचं. पाच दिवसांची मेहनत गेली, मला त्या दिवशी डबा पण गेला नाही.

हार्ड झाल्या झाल्या स्टीलच्या आत प्रचंड ताण असतो, काचेसारखं असतं ते, आणि धारदार कोपऱ्यात तो सगळा ताण एका जागी गोळा होतो. म्हणून पंच हाताला सोसवेल इतपत कोमट झाला की लगेच टेम्परिंगला गेला पाहिजे, २०० डिग्रीला, दोनदा, मधे पूर्ण गार करून. ५८ ते ६० एचआरसी (कडकपणाचं माप) राहिला तरी भरपूर झाला, ६२ च्या हट्टाने धारेचे टवके उडतात. आतल्या कोपऱ्यांना निदान १ एमएम रेडियस दे, ग्राइंडिंगला ०.३ एमएम माल जादा ठेव, आणि क्लिअरन्स, म्हणजे पंच अन् डायमधली फट, एका बाजूला ०.१० ते ०.१५ एमएम धर.

ॲल्युमिनियम डाय कास्टिंगचंही (वितळलेला धातू साच्यात दाबून भरायचं) काम येणार म्हणालास, तिथे डी-२ अजिबात नको, एच-१३ जातीचं स्टील लागतं, ते गरम-गार होण्याचा मारा सोसतं. त्याचं सविस्तर भेटल्यावर.

स्टील कापायला टाकायच्या आधी ड्रॉइंग मला पाठव, कोपरे मी बघतो. आणि हार्डनिंगच्या दिवशी भट्टीपाशी स्वतः थांब, रात्र झाली तरी. जानेवारीत गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, येशीलच, तेव्हा तो तडकलेला पंच दाखवतो, टेबलाच्या खणात ठेवलाय.

तुझाच,
सोलापूरचा दोस्त