पम्या, इटली एक नंबर म्हणतोस? मग हे वाच

प्रिय पम्या,

काय करायलास बे? तुझा परवाचा मेसेज वाचला, परत वाचला, आणि ठरवलं की याला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत उत्तर द्यायचं नाही, निवांत बसून लिहायचं. जगातलं सगळ्यात भारी जेवण कुठल्या देशाचं असं विचारलंयस, आणि विचारता विचारता निकाल पण तूच देऊन टाकलास, इटली एक नंबर, तीन वस्तूत काम होतं, आपल्यासारखे वीस-वीस मसाले लागत नाहीत. लका, सोलापूरच्या बाळी वेशीत वाढलेला माणूस असं लिहितो म्हणल्यावर मला गप्प बसवेना.

इटलीचं आधी बोलतो, कारण तुझं म्हणणं खोटं नाही. रोमचा तो काचो ए पेपे, त्यात पास्ता, पेकोरीनो चीज आणि काळी मिरी, बास. वरून पास्ता उकडलेलं पाणी थोडं थोडं घालत हलवायचं, त्यातल्या स्टार्चमुळं चीज फुटत नाही, मस्त सॉस मिळून येतो. मी घरी केलाय आणि सगळ्यांनी पुसून खाल्लाय. तिकडं टोमॅटो चांगला असला की त्याला टोमॅटोसारखंच लागू देतात, करणारा मधे हात घालत नाही, आणि हे मला मनापासून आवडतं. पण खरं सांगू, दुपारी भूक लागली की मला पास्ता आठवत नाही. रस्सा आठवतो.

कालवणाचं सगळं उलटं असतं बघ. त्यात एकही वस्तू स्वतःच्या नावानं उरली नाही पाहिजे. लवंग लवंगेसारखी लागली, धने धन्यासारखे लागले, की समजायचं कालवण जमलेलं नाही. वीस वस्तू आत जातात आणि बाहेर एकविसावीच निघते जी कुठल्या दुकानात मिळत नाही. चांगल्या करीची ओढ मला तरी इथंच वाटते, जीभ शोधत राहते, हे काय लागतंय, हे काय लागतंय, सापडत नाही, म्हणून परत भाकरी बुडवायची.

यंदा एप्रिलमध्ये आई काळा मसाला करायला बसली तेव्हा मी मुद्दाम सुट्टी काढली. आपल्याकडचा एप्रिल तुला सांगायला नको, पारा चाळिशीच्या वर आणि त्यात गॅसपुढं भाजत बसायचं, पण करतात उन्हाळ्यातच कारण मिरच्या न धने गच्चीवर कडकडीत वाळले पाहिजेत, ओल राहिली की मसाला वर्षभर टिकत नाही. पहिला नियम म्हणजे सगळं एकत्र भाजायचं नाही, प्रत्येक वस्तू वेगळ्या वेळेला करपते. धने थोड्या तेलावर, तीळ कोरडे, तडतडायला लागले की लगेच बाहेर, खसखस तर गॅस बंद करून नुसत्या कढईच्या धगीवर. दगडफूल आधी नीट निवडायचं, त्यात झाडाच्या सालीचे बारके तुकडे असतात. ते हातात घेतलं तर वाळका पाला, वास जवळजवळ नाहीच, आणि चमचाभर तेलात पडलं की पहिल्या पावसात माती भिजल्यासारखा वास सगळ्या घरात पसरतो. मग लवंग, दालचिनी, मिरी, शहाजिरं, नागकेशर, तमालपत्र. खोबऱ्याला मात्र आई खूप पुढं नेते. सुक्या खोबऱ्याचे काप तांबूस झाले, तपकिरी झाले, मी म्हणलं आता काढ, तर म्हणाली थांब, अजून तेल सुटलेलं नाही. मसाल्याला काळा रंग येतो तो त्या शेवटच्या मिनिटात, खोबऱ्यातून. शेवटी मिरच्या, बेडगी रंगाला आणि गुंटूर तिखटाला, आणि तेव्हा शेजारच्या काकू खोकत खोकत खिडक्या लावून घेतात. मग सगळं गार करून कांडपाला न्यायचं. चक्कीवर आई देत नाही, चक्कीत मसाला तापतो आणि वास तिथंच उडून जातो.

हे एवढं लांबण लावलं कारण बाकीच्या देशांची जेवणं मी आता याच्यावरूनच मोजतो.

आपल्यानंतर माझा नंबर थायलंडचा. ग्रीन करीचं वाटण ओलं असतं, हिरव्या मिरच्या, लसूण, छोटे कांदे, गवती चहाचा दांडा, गलांगल म्हणजे आल्याचाच भाऊबंद, मकरूट लिंबाची साल, कोथिंबिरीची मुळं (जी आपण कचऱ्यात टाकतो लका!) आणि झिंग्याची पेस्ट, हे सगळं खलबत्त्यात कुटायचं. पण मला खरी गंमत वाटली ती पुढच्या पायरीची. नारळाचं घट्ट दूध कढईत आधी नुसतंच आटवायचं, इतकं की दूध फुटून वर तेल येतं, आणि त्या तेलात वाटण परतायचं. म्हणजे काकू तुझ्या घरी ओरडायच्या ना, तेल सुटल्याशिवाय पाणी घालू नका रे, तेच बँकॉकची बाई सांगते. डब्यातलं दूध लवकर फुटत नाही, त्यात ते दूध मिळून राहावं म्हणून काहीतरी घातलेलं असतं, म्हणून नारळ खवून काढलेलं दूध घे. तुला बर्लिनमध्ये थाई जेवण भरपूर मिळतंय, तर एकदा मसामन मागव. त्यात वेलदोडा, दालचिनी, लवंग असले कोरडे मसाले, बटाटा आणि शेंगदाणे असतात, मुसलमान व्यापाऱ्यांच्या चवीचा हात लागलेली करी आहे ती, आणि शेंगदाणे घातलेली करी आपल्याला परकी वाटूच शकत नाही.

पण सगळ्यात जास्त धक्का मला मेक्सिकोनं दिला. प्वेब्लाचा मोले म्हणून प्रकार आहे. वाळक्या मिरच्या दोन-तीन जातीच्या भाजायच्या, तीळ भाजायचे, शेंगदाणे, बदाम, मनुका, दालचिनी, लवंग, घट्टपणाला भाजलेली तोर्तिया म्हणजे त्यांची मक्याची पोळी किंवा पाव, सगळं वाटून तेलात परतून सावकाश शिजवायचं आणि शेवटी थोडं चॉकलेट. रंग काळपट तांबडा. वाचत होतो तेव्हाच म्हणलं अरे हा तर आपला काळा रस्सा झाला की! मी बेडगीवर करून बघितला, त्यांच्या मिरच्या इथं कुठून आणणार, पण दिशा कळली. आणि आपण ज्याच्यावर सोलापूरचा शिक्का मारतो ती शेंगाची चटणी बघ, त्यातली मिरची पण अमेरिका खंडातली, शेंगदाणा पण तिकडचाच. पोर्तुगीज आले तेव्हा मिरची आपल्याकडं आली, त्याच्या आधी तिखटपणाला मिरी आणि पिंपळी. कोलंबसाच्या आधी सोलापुरात ना शेंगाची चटणी होती ना लाल तवंगाचं मटण, हे कळल्यापासून मला मोलेविषयी फार जवळीक वाटते.

जपानची करी तुला आवडते ते माहितीय. ब्रिटिशांच्या नौदलाकडून तिकडं गेली, म्हणून ती मैदा बटरमध्ये भाजून घट्ट केलेली असते, गोडसर, मऊ. त्यांचं नौदल अजून दर शुक्रवारी करी खातं, समुद्रावर वार कळावा म्हणून. पण तिथली मला सगळ्यात भिडणारी गोष्ट क्रांतिकारक रासबिहारी बोस यांची. इंग्रजांपासून निसटून १९१५ साली जपानला पोचले, तोक्योत नाकामुराया नावाच्या बेकरीवाल्या कुटुंबानं लपवून ठेवलं, त्याच घरातल्या मुलीशी लग्न झालं, आणि १९२७ मध्ये त्या नाकामुरायात त्यांनी भारतीय पद्धतीची करी सुरू केली, मैदा घातलेली नाही, हाडासकट चिकन आणि खरे मसाले. ती अजून मिळते तिथं. देश सुटलेला माणूस, परत जायची वाट बंद, आणि त्याला वाटतं निदान रस्सा तरी खरा खायला घालावा लोकांना. हे वाचून मी बराच वेळ बसून राहिलो होतो पम्या.

इंग्लंडचं थोडक्यात. १८१० मध्ये पाटण्याच्या शेख दीन महंमदनं लंडनमध्ये पहिलं हिंदुस्थानी हॉटेल काढलं आणि २००१ मध्ये त्यांचा परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक म्हणाला की चिकन टिक्का मसाला हीच खरी ब्रिटिश राष्ट्रीय डिश. ठीक आहे, पण क्रीम आणि टोमॅटोखाली मसाला दबून जातो, मला त्यात शोधायला काही उरत नाही. तुमच्या बर्लिनची करीवुर्स्ट, म्हणजे करी सॉस घातलेलं सॉसेज, पण तशीच, १९४९ मध्ये हेर्टा हॉयवर बाईनं ब्रिटिश सैनिकांकडून मिळालेली करी पावडर सॉसमध्ये घालून केली, युद्धानंतरच्या पडझडीत पोटभर आणि स्वस्त. त्या दिवसात ते लोकांना किती मोठं वाटलं असेल हे मी समजू शकतो, पण पावडर वरून भुरभुरली तर ती वरच राहणार ना.

म्हणून तेलाचं सांगतो. मिरचीचा तिखटपणा, तिचा रंग आणि मसाल्यातले बहुतेक वास पाण्यात नीट विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. मसाला मंद आचेवर तेलात परतला की सगळं त्या तेलात उतरतं आणि मग तेच तवंग बनून वर येतं. हल्ली डाएटच्या नावाखाली लोक वाटीतला कट चमच्यानं काढून टाकतात, म्हणजे ज्याच्यासाठी आईनं एप्रिलमध्ये घाम गाळला तेच काढून टाकतात. तेल कमी घाला, चालेल, पण घातलेलं फेकू नका. आणि उलट बाजूनं, हायवेवरच्या एका हॉटेलात मागच्या महिन्यात जो रस्सा खाल्ला त्याच्यावर बोटभर लाल तेल आणि खाली नुसतं पाणी, रंग घातलेला होता, बोटावरून दोन दिवस गेला नाही. मला असल्या गोष्टीचा फार राग येतो रे, बाहेरगावची माणसं तेच खाऊन जातात आणि म्हणतात सोलापुरी म्हणजे जाळ. जाळ नाहीये ते. आपल्या मटणात आधी अळणी सूप निघतं, मीठ-हळदीचं, पोरांना पाजतात, त्याच सुपात मग काळा रस्सा होतो, तिखटाच्या खाली ही सगळी चव असते.

इथिओपियाचं राहिलंच. डोरो वाट म्हणून कोंबडीचं कालवण, कांदा बारीक चिरून तेल न घालता नुसताच तासभर परततात, पार लगदा होईपर्यंत, मग मसाला लावलेलं तूप आणि बेर्बेरे नावाचं तिखट. खातात इंजेरावर, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या डोशासारख्या पोळीवर, हातानं तोडून, एका ताटात सगळे. इंजेरा टेफ नावाच्या बारीक धान्याचा असतो पण तिकडं ज्वारीचाही करतात, आणि ज्वारी मुळात त्याच भागातली, सुदान-इथिओपियाच्या पट्ट्यातली. तिथून निघालेलं धान्य मंगळवेढ्याच्या काळ्या रानात येऊन इतकं रुजलं की आज मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. देशच मोजायचा असेल तर मी थायलंड आणि मेक्सिको इटलीच्या वर ठेवीन. पण मला देश हे मापच पटत नाही. आपल्या गावात बघ की, पूर्व भागात तेलुगू पद्मशाली मित्राच्या घरी पुलुसू म्हणजे चिंचेचं आंबट कालवण, अक्कलकोटकडं कन्नड घरात येण्णगाई म्हणजे तीळ-शेंगा भरलेली वांगी, मुसलमान दोस्ताच्या लग्नात दालचा-खाना, दुधी आणि हाडं घातलेला, आणि आपल्या घरी काळी आमटी. सोलापूर, विजापूर, कलबुर्गी हा ज्वारीचा एक पट्टा आहे, त्याचं जेवण एक आहे, राज्यं दोन असली तरी. मला कुणी विचारलं तुझं आवडतं जेवण कुठलं तर मी भारत पण म्हणत नाही, महाराष्ट्र पण नाही, हा पट्टा म्हणतो.

बरं, काका-काकू डिसेंबरमध्ये तुझ्याकडं येतायत ना, त्यांच्याजवळ अर्धा किलो मसाला देतोय. हवाबंद डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेव. पहिल्यांदा करशील तेव्हा कांदा थेट गॅसवर भाज, साल काळी झाली पाहिजे, सुकं खोबरं भाज, आलं-लसूण-कोथिंबीर, सगळं बारीक वाट. तेलात ते वाटण तेल सुटेपर्यंत परत, मग गॅस बारीक करून मसाला घाल कारण तो आधीच भाजलेला आहे, मोठ्या आचेवर पटकन कडू होतो. चिकन घालून परत आणि पाणी उकळतंच घाल, गार पाणी घातलंस तर तवंग येणार नाही. शेंगाचा कूट शेवटच्या पाच मिनिटात. वहिनींना तिखट सोसत नसेल तर मसाला कमी करू नको, मिरची कमी असलेला एक वेगळा डबा आई देणार आहे, त्याच्यावर नाव लिहिलंय.

तुझाच,
संज्या

ता.क. तिकडं एशियन दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं पण तारीख बघून घे. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, भाकरी थापताना कडेला तुटते. पीठ उकळत्या पाण्यात मळ. तरी जमलं नाही तर काकूंना सांगून कडक भाकरी पण बांधून पाठवतो, ती महिनाभर टिकते आणि रश्श्यात चुरून खायला तिच्यासारखं काही नाही.