डॅशबोर्ड बसवायचेत, गुरुवारपर्यंत एवढं उरका

सर्व प्रोजेक्ट मॅनेजर आणि पीएमओ (प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस) मंडळी,

येत्या शुक्रवारी दुपारी ३ वाजता अंधेरी ऑफिसात, चौथ्या मजल्यावरच्या मीटिंग रूममध्ये पोर्टफोलिओचे (म्हणजे आपल्या सगळ्या प्रोजेक्टचे मिळून) नवे डॅशबोर्ड तयार करायला बसतोय. लॅपटॉप आणा, चार्जरसकट.

गुरुवारी संध्याकाळी ६ च्या आत :

• आपापल्या प्रोजेक्टची बेसलाइन, म्हणजे मुळात ठरलेला प्लॅन, सेव्ह करा. ती नसेल तर एसपीआय (शेड्यूल परफॉर्मन्स इंडेक्स) निघतच नाही. झालेल्या कामाचं मूल्य भागिले आजवर व्हायला हव्या असलेल्या कामाचं मूल्य, म्हणजे एसपीआय. १ च्या खाली गेला की आपण मागे.

• स्टेटस यादीतूनच निवडा, हाताने टाइप करू नका. मागच्या वेळी ‘चालू’, ‘चालू आहे’ आणि ‘सुरू’ असे तीन वेगळे रंग चार्टवर उमटले. साहेबांनी तिन्हींतला फरक विचारला, तेव्हा आम्ही नुसते एकमेकांकडे बघत बसलो.

• तुमचा डॅशबोर्ड कोण बघणार आणि बघून काय ठरवणार, हे एका ओळीत लिहून आणा. सहा-सात विजेट (चार्ट, आकड्यांचे चौकोन) पुरे. रुखवत मांडायचं नाहीये.

खर्चाचे आकडे ज्याच्या त्याच्या रोलप्रमाणेच दिसतील. जास्तीची परवानगी हवी असेल तर आधी मला सांगा.

पावसाने लोकल रखडल्या तर लिंक ग्रुपवर टाकेन. एरवी प्रत्यक्षच या.