हेडचे स्टड बसवायला शिकवलंत, त्याबद्दल

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही "कामाला लागा" म्हणून मोकळे व्हाल, म्हणून सगळ्यांदेखत लिहितो आहोत. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलभोवती इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवणारे हात पुष्कळ आहेत. पण चढवलेलं हेड भरल्या गाडीने खंडाळ्याचा नाहीतर कसाऱ्याचा घाट चढूनही टिकावं म्हणून काय काय करायचं, हे कारणासकट सांगणारे तुम्हीच.

सगळ्यात मोठे आभार एका गोष्टीचे. टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला 'टक' करणारा) स्टडचा, म्हणजे हेड ब्लॉकला धरून ठेवणाऱ्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या दांड्याचा, ताण मोजत नाही, नट फिरवायला लागणारा जोर मोजतो, हे तुम्ही डोक्यात पक्कं बसवलंत. त्या जोरातला साधारण निम्मा नटाच्या बुडाशी घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांत जातो, आणि स्टड ताणून हेड दाबायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. आटे गंजलेले, नट कोरडा किंवा वॉशर मऊ असला की पाना 'टक' करतो, पण स्टड ढिलाच राहतो. त्याच्या आधीची सगळी साफसफाई पाना खरं बोलावा यासाठीच असते.

कटिंग टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालून ब्लॉकचे आटे 'साफ' करायची सवय तुम्ही मोडलीत, ते फार बरं झालं. टॅप कार्बनबरोबर ब्लॉकचं बीडही (ओतीव लोखंड) खरवडतो आणि आटा सैल होतो. त्याऐवजी चेसर, म्हणजे आटे न कापता साफ करणारं हत्यार, फिरवायचा. तो नसेल तर त्याच मापाच्या जुन्या बोल्टला उभ्या खाचा पाडून तो हाताने आत-बाहेर करायचा, घाण खाचांत अडकून बाहेर येते. मग भोकात क्लीनर, वर एअर, डोळ्यांवर चष्मा, आणि शेवटी तारेला चिंधी गुंडाळून तळ कोरडा झाला की नाही ते बघायचं. बंद भोकात थोडं जरी तेल किंवा कूलंट राहिलं तरी स्टड खाली उतरताना त्याला जायला जागा नसते, ते दाबलंही जात नाही, आणि सगळा जोर भोकाच्या भिंतीवर येऊन ब्लॉक तडकतो. पावसाळ्यात पत्र्यातून ठिबकणारं पाणीही हेच करतं. उघड्या ब्लॉकवर रात्री प्लास्टिक टाकायचं ते यासाठी.

भोकाच्या तोंडाशी वर ओढली गेलेली कडा कुणी बघत नाही. जुन्या आवळण्याने पहिला आटा बीड वर उचलतो आणि तिथे गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला गळती रोखणारा थर) नीट टेकत नाही. पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासलं की ती कडा सापडते. काउंटरसिंकने (भोकाची कडा तिरकी कापणाऱ्या हत्याराने) हलका हात मारला की काम होतं. सॅंडपेपरची चकती मात्र ब्लॉकवर लावायची नाही. तिची बारीक रेती तेलात उतरून बेअरिंग खाते.

स्टड हाताने बसवायचा. मॅन्युअलमध्ये ब्लॉककडच्या टोकाला टॉर्क दिला असेल तर तेवढाच द्यायचा, नाहीतर तळाला टेकला की थांबायचं. डोक्याला ऍलन कीची खाच असेल तर ती वापरायची, नसेल तर दोन नट एकमेकांवर आवळून फिरवायचं. पाइप पान्याचे दात स्टडच्या अंगावर उमटले तर तो तिथूनच तुटतो. भोक वॉटर जॅकेटमध्ये (ब्लॉकमधल्या कूलंटच्या पोकळीत) उघडत असेल तर आट्यांना सीलंट हवंच. आटे पकडणारं लॉकिंग लिक्विड लावलंच, तर ते सुकायच्या आत वरचे नट पूर्ण आवळून झाले पाहिजेत.

बोल्ट आवळताना पीळ आणि ताण दोन्ही एकदम येतात, शिवाय बीडाचे आटे दर वेळी झिजतात. स्टड एकदा बसला की जागचा हलत नाही, फिरतो तो नट, तोही पोलादाच्या बारीक आट्यांवर. पण हा फायदा स्टड चांगला असेल तरच. १०.९ या ताकदीच्या ग्रेडचा स्टड तुटतो सुमारे १००० मेगापास्कलला आणि त्याच्या नव्वद टक्क्यांवर कायमचा लांबतो. लेथवर साध्या सळईचा कापलेला स्टड दिसायला तसाच, भोकात बसतोही, पण पहिल्याच आवळण्यात लांबतो. कुर्ल्यात स्वस्तात मिळाला म्हणून कुणी आणला, की तुम्ही तो न बोलता भंगारात टाकायचात!

एककांचा घोळ तर अर्ध्या गॅरेजांत चालतो. मॅन्युअलमध्ये १६ किलोग्रॅम-मीटर लिहिलेलं असतं, म्हणजे १५७ न्यूटन-मीटर, म्हणजे ११६ फूट-पाउंड. कुणी १५७ चा आकडा फूट-पाउंडच्या खुणेवर लावला तर नटावर २१३ न्यूटन-मीटर पडतात. स्टड तेव्हाच तुटला तर नशीब, लांबून गप्प बसला तर गाडी घाटात उभी राहते. शिवाय आकडा इंजिन ऑइलसाठी आहे की मॉली ग्रीससाठी, हे बघितल्याशिवाय पाना उचलायचा नाही. मॉली निसरडं, त्याच आकड्याला ताण जास्त. टॉर्क दिल्यावर आणखी किती फिरवायचं म्हणून बोल्टसाठी दिलेले अंश स्टडला कधीच लावायचे नाहीत.

गॅस्केट कोरडं, वरची खूण वर. हेड स्टडवरून सरळ उतरवायचं. केबिन आडवी येत असेल तर मागचे स्टड हेड बसल्यावर घालायचे. प्रत्येक सिलिंडरला वेगळं हेड असेल तर नट हातानेच ठेवून आधी मॅनिफोल्डच्या (हेडला हवा आणणाऱ्या किंवा धूर नेणाऱ्या नळ्यांच्या) तोंडांवर पट्टी लावायची. आधी आवळून मग मॅनिफोल्ड ओढत बसवलं तर ते गळतं किंवा तडकतं. आवळणं मधल्या नटांपासून बाहेर, तीन टप्प्यांत. शेवटचा आकडा १५७ असेल तर ६०, ११० आणि मग १५७. पाना एका दमात ओढायचा. आकड्याच्या अलीकडे हात थांबला तर पुन्हा सुरू करताना घर्षण जास्त लागतं आणि पाना उगाच 'टक' करतो. अशा वेळी नट सोडून परत आवळायचा.

स्टीलच्या थरांच्या गॅस्केटला सहसा पुन्हा आवळावं लागत नाही. कॉम्पोझिट असेल आणि मॅन्युअल सांगत असेल तर इंजिन एकदा गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर, एका वेळी एकच नट पाव फेरा सोडून परत आकड्याला आणायचा. सगळे एकदम सोडले तर गॅस्केट गेलंच. त्यानंतर टॅपेटचं (व्हॉल्व्हवरचं) अंतर पुन्हा बघायचं, कारण हेड खाली बसलेलं असतं.

आम्ही हे सगळं क्रमाने पत्र्यावर रंगवून कॉम्प्रेसरच्या वर टांगलं आहे. नागदेवीहून नवा चेसर संचही आणला. वडाळ्याला आलात की तो पत्रा एकदा वाचा आणि चुकलं असेल तिथे खडूने खूण करून जा.

तुमचे,
गॅरेजमधले सगळे