धातू मऊ पडतो, पण तापून नव्हे

संपादक महोदय,

‘अल्ट्रासोनिक कंपनांनी धातू तापतो आणि म्हणून सहज वाकतो’ हे आपल्या विज्ञान पुरवणीतले विधान वाचून राहवले नाही. धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी आयुष्यभर विद्यार्थ्यांकडून ताणचाचण्या करून घेतल्या आहेत, त्या अनुभवावरून हे लिहिते आहे.

1955 मध्ये ब्लाहा आणि लँगेनेकर या संशोधकांनी जस्ताचा एकच स्फटिक खेचत असताना त्यात अल्ट्रासोनिक लहरी, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी, सोडल्या. ताण झटकन उतरला आणि लहरी बंद करताच पुन्हा चढला. तापलेला नमुना असा क्षणात निवत नाही. पुढे लँगेनेकर यांनी अॅल्युमिनियमवर हिशेब मांडला, की तेवढाच मऊपणा आणायला ध्वनीची ऊर्जा उष्णतेच्या सुमारे एक कोटीव्या हिश्शाइतकी पुरते. त्यांचे म्हणणे असे, की उष्णता साऱ्या अणूंत वाटली जाते, तर ध्वनी मुख्यतः डिसलोकेशन म्हणजे स्फटिकातल्या रेषीय दोषांपाशी शोषला जातो. आणि धातू वाकतो तो हे दोष सरकल्यामुळेच.

मात्र यंत्रावर ताण जेवढा घटलेला दिसतो तो सगळा मऊपणाच, असेही समजू नये. कंपने सेकंदाला 20,000 असली तर साधा लोड सेल, म्हणजे बल मोजणारा संवेदक, त्यांच्यामागे धावू शकत नाही, तो फक्त सरासरी दाखवतो. प्रत्येक आवर्तनात ताणाचे शिखर पूर्वीच्याच उंचीला टेकत असेल, तर धातू होता तसाच आहे, खाली आली ती सरासरी. डाय (धातूला आकार देणारा साचा; तार ओढताना छिद्राचा) आणि धातू यांच्यातले घर्षण घटते, तो हिशेबही वेगळा. ही वजाबाकी केल्याशिवाय ‘बल इतके टक्के घटले’ म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

तार ओढण्याचेच पाहा. डाय तारेच्या दिशेने 10 मायक्रॉन आयामाने (म्हणजे मधल्या जागेपासून दोन्हीकडे तेवढी सरकत) आणि 20 किलोहर्ट्झने कंप पावत असेल, तर तिचा कमाल वेग सेकंदाला सुमारे सव्वा मीटर होतो. तार त्याहून हळू जात असेल, तर प्रत्येक आवर्तनात काही काळ डायच तारेच्या पुढे पळते आणि घर्षण उलटून मदतीला येते. तार त्याहून वेगाने ओढली, की ही मदत संपते. कारखान्यात तार याच्या कितीतरी पट वेगाने धावते, आणि प्रयोगशाळेतले झकास निकाल तिथे फिके पडतात त्याचे एक मोठे कारण हेच. चिपला बारीक तारा जोडताना मात्र हीच कंपने रोज कामी येतात. अॅल्युमिनियमची तार तर न तापवताही बसते.

कंपने थांबल्यावर धातू कसा उरतो, हे लेखात आलेच नाही. तीव्रता फार वाढवली तर तो उलट कडक होऊन बसतो, आणि हा कडकपणा नंतरही टिकतो. मिश्रधातू आणि कंपनांचा आयाम बदलला, की उत्तरही बदलते.

तेव्हा उष्णतेचे विधान दुरुस्त करून छापावे आणि पुढे या विषयावर लिहिताना आयाम, वारंवारता आणि ओढण्याचा वेग हे तीन आकडे जरूर द्यावेत, ही विनंती.

— धातुशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका