कूलरखालची भिंत आणि डस्टी ब्लू: पेंटर भाऊंना आभारपत्र

भाऊ, सप्रेम नमस्कार.

डस्टी ब्लू दिसायला शांत, पण लावायला हट्टी रंग. निळ्यात राखाडी कमी पडली की खोली बालवाडीसारखी दिसते, जास्त झाली की सिमेंटसारखी. तुम्ही शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनावर भरवसा ठेवला नाही. प्रायमर मारलेल्या भिंतीवर तीन शेडचे 2 बाय 2 फुटांचे तुकडे, दोन-दोन हात देऊन, रंगवून दाखवलेत. खोली पश्चिमेची. सकाळी नेमका वाटणारा तुकडा संध्याकाळच्या केशरी उन्हात निव्वळ राखी झाला आणि 6500 केल्विनच्या निळसर-पांढऱ्या ट्यूबखाली गारठलेला. मग थोडी कमी राखाडी असलेली शेड घ्या आणि दिवे 4000 केल्विनचे, जरा उबदार प्रकाशाचे लावा, असं तुम्हीच सुचवलंत. दाराच्या सागवानी चौकटीशेजारी तो निळा आता फार देखणा दिसतो.

पण सगळ्यात मोठे आभार कूलरच्या खिडकीखालच्या भिंतीसाठी. नागपुरात ही भिंत बहुतेक घरांत असते. उन्हाळाभर पाणी झिरपतं, खार फुटतो, पांढरी पूड सुटते. त्यावर पुट्टी ओढून रंग दिला की पोपडे ठरलेलेच. तुम्ही आधी कूलरचा स्टँड बाहेरच्या बाजूला किंचित उतरता करून घेतलात. मग प्लास्टर लागेपर्यंत खरवडलंत. खार ओल्या फडक्यानं पुसू दिला नाहीत, कोरड्या ब्रशनं झाडलात. पाण्यात विरघळला की तो परत भिंतीतच मुरतो. दीड फुटाचं प्लास्टिक चारही बाजूंनी टेपनं चिकटवून 24 तास ठेवलंत. आतून दव धरलं, म्हणजे भिंत अजून ओली, आणि काम थांबलं. दहा दिवसांनी तेच प्लास्टिक कोरडं निघालं, तेव्हाच पुट्टीची पट्टी हातात घेतलीत. रोजी बुडत असताना "आज नाही" म्हणायला मोठं मन लागतं, भाऊ.

पुट्टीचे दोन पातळ हात, 180 आणि मग 320 नंबरचा पेपर, आणि टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका प्रकाश. त्या प्रकाशात राहिलेली एकेक लाट तुम्ही पेन्सिलनं गोल करून पुन्हा घासलीत. पुट्टी रंग कमीजास्त शोषते, म्हणून त्यावर प्रायमर.

मे महिन्यात इमल्शन बघता बघता सुकतं. रोलरची कड वाळल्यावर पुढचा पट्टा तिच्यावर चढला की तिथे गडद रेघ उरते. म्हणून सकाळी सहालाच सुरुवात, पंखा बंद, एका वेळी एकाच भिंतीचं कटिंग (कडा-कोपरे ब्रशनं रंगवणं) आणि ती भिंत संपेपर्यंत थांबायचं नाही. दुसरा हात चार तासांनी.

10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट. दार-खिडक्या वजा जाता 380 चौरस फूट. दोन हातांना लिटरमागे 100 चौरस फूट धरून 3.8 लिटर होत होते; थोडा हाताशी राहावा म्हणून तुम्ही 4 लिटरचा एक आणि 1 लिटरचा एक डबा आणवलात, आणि दोन्ही एकाच बादलीत एकजीव केलेत. डब्या-डब्यात रंग उन्नीस-बीस असतो, तो फरक भिंतीवर उतरलाच नाही.

उरलेला रंग काचेच्या बरणीत भरून, झाकणावर शेडचा नंबर आणि तारीख लिहून दिलीत, त्याचेही आभार. बरणी माळ्यावर नाही, सांगितल्याप्रमाणे खालच्या थंड कपाटात ठेवली आहे.

आपले,
पश्चिमेच्या खोलीतले दोघे, नागपूर