टायर आणि स्प्रू एका पिशवीत नकोत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घर आवरण्याविषयीच्या लिखाणात छंदाच्या सामानासाठी ठरलेला सल्ला असतो: सारखे डबे घ्या, एकावर एक रचा, चिठ्ठ्या लावा. विमाने, रणगाडे, जहाजे, मोटारी यांची प्लास्टिक मॉडेल किट जुळवणाऱ्यांचे या सल्ल्याने नुकसान होते. एकाच खोक्यात कडक पॉलिस्टायरीनचे स्प्रू (सुटे भाग जोडलेल्या चौकटी), मऊ व्हिनाइल, पारदर्शक भाग, पाण्यात सोडवून मॉडेलवर चिकटवायची चिन्हे म्हणजे डिकाल आणि कागदी माहितीपत्रक नांदत असतात. त्यांच्या शेजारच्या खणात रंग पातळ करायचे, पेट घेणारे थिनर असते. म्हणून कोणती वस्तू कशाने बिघडते याचा विचार आधी करावा, डब्यांच्या मापाचा नंतर.

पहिली चूक फळी निवडतानाच होते. किट हलकी असतात म्हणून लांबलचक फळी घेतली जाते आणि काही महिन्यांत तिला मधोमध झोळ पडतो. सगळीकडे सारखी भरलेली फळी लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात लवते. ६० सेंमीच्या जागी तशीच १२० सेंमीची फळी लावली, तर झोळ सोळापट होतो. जाडीचा फायदाही असाच मोठा आहे: १२ मिमीऐवजी १८ मिमीची फळी तिपटीहून अधिक ताठ असते. १८ मिमीच्या पार्टिकल बोर्डला दर ६० ते ७५ सेंमीवर आधार हवाच. फळीची खोली आपल्याकडच्या सर्वात मोठ्या खोक्यावरून ठरवावी. खोके फळीबाहेर डोकावले की त्याची कड दबते आणि झाकण सैल होते. उंच मांडणी वरच्या टोकाला एल-पट्टीने भिंतीत पक्की करावी.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. मागे तीन-चार बोटे जागा सोडावी आणि सर्वात खालची फळी जमिनीपासून १० ते १५ सेंमी वर घ्यावी. थंड भिंतीलगत हवा कोंडली की ओल धरते, पुठ्ठा नरम पडतो आणि मग कसर येते. डिकालच्या कागदावर खळीसारखा डिंकाचा थर असतो, कसरीला नेमके तेच आवडते.

आता रचण्याविषयी. ‘मोठे खाली, लहान वर’ हा नियम येथे अर्धाच खरा आहे. खोक्याचे बळ त्याच्या चार उभ्या भिंतींत असते. लहान खोके मोठ्याच्या मधोमध ठेवले की सगळा भार झाकणाच्या पोटावर येतो आणि ते आत बसते. त्यामुळे एका मापाची खोकी कडेला कड जुळवून लावावीत, तीही चार-पाचच. सहाव्यासाठी वर आणखी एक फळी घालणे बरे. बाजूने उघडणारी खोकी पुस्तकांसारखी उभी राहतात. झाकणाची खोकी उभी केली तर सुटलेले भाग खालच्या कडेला जमतात आणि डिकाल वाकतात. झाकण बांधायचे असेल तर कापडी फीत वापरावी. रबर कालांतराने चिघळून पुठ्ठ्याला चिकटते.

सर्वात दुर्लक्षित धोका टायरांचा आहे. अनेक किटमध्ये टायर किंवा रणगाड्याचे पट्टे मऊ व्हिनाइलचे असतात. ते मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते आणि पॉलिस्टायरीनला विरघळवते. वर्षानुवर्षे बंद असलेले खोके उघडावे, तर टायर जिथे स्प्रूला टेकला होता तिथे प्लास्टिक वितळल्यासारखे खचलेले असते आणि टायरची नक्षी मडगार्डवर उमटलेली असते. हा भाग घासून, पुटीन भरूनही पूर्ववत होत नाही. यावरचा उपाय दोन मिनिटांचा आहे. किट आणल्याच्या दिवशीच टायर काढून पॉलिथिनच्या वेगळ्या पिशवीत घालावेत. पिशवी पीव्हीसीची नको, कारण तिच्यातही तेच द्रव्य असते. याच कारणाने तयार मॉडेलखाली मऊ पीव्हीसीची चटई अंथरू नये.

त्याच बैठकीत आणखी दोन पिशव्या भराव्यात. पारदर्शक भाग टिश्यूत गुंडाळून एका पिशवीत ठेवावेत, कारण ते इतर स्प्रूंवर घासून चरे पडतात. दुसऱ्या पिशवीत डिकाल, पातळ पुठ्ठ्यावर सपाट, सिलिका जेलच्या पुडीसह. मात्र इतर वस्तूंच्या खोक्यातून जमवलेल्या जुन्या पुड्या बहुधा आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात आणि त्यांचा काही उपयोग होत नाही. रंग बदलणारे नारिंगी दाणे घ्यावेत. रंग पालटला की दाणे सुटे करून धातूच्या ताटलीत, सुमारे १२० अंश सेल्सिअसला, तासाभराहून थोडे अधिक तापवले की ते पुन्हा कामाचे होतात. डिकाल पिवळे पडले असतील तर पिशवीसकट काही दिवस ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला चिकटवून पाहावेत. पुष्कळदा पिवळेपणा उतरतो. किट आणि तयार मॉडेल यांना मात्र ऊन अजिबात लागू देऊ नये, पांढरे प्लास्टिक उन्हाने पिवळे होते.

माळा हीही वाईट जागा. छताखालच्या उष्णतेत, वरून भार असेल तर लांब पातळ भाग वाकतात. रेझिनचे भाग तर आणखी लवकर. ते गरम पाण्यात धरून सरळ करता येतात, पण पॉलिस्टायरीनचा पिळलेला पंख सहसा जुळत नाही.

रंगांसाठी उथळ पायऱ्यांचा रॅक हवा. १७ मिली ड्रॉपर बाटलीचा व्यास साधारण २५ मिमी असतो, म्हणून भोक २७ मिमीचे पाडावे. काचेच्या बरण्या रुंद असतात, त्या मोजूनच भोके पाडावीत. लॅकर आणि इनॅमल थिनर या रॅकवर नको. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साठते आणि ठिणगी मिळाली की पेटते. मूळ डब्यात, घट्ट बुचाने, थंड जागी, प्लगपासून आणि मुलांच्या हातापासून दूर, किटच्या कपाटाबाहेर ठेवावे. साठवणीचे लेख छापताना ही एक ओळ आवर्जून द्यावी, ही आपणास कळकळीची विनंती.

सायनोॲक्रिलेट गोंद (सुपरग्लू) हवेतल्या ओलीने घट्ट होतो, म्हणून न उघडलेली नळी हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर आत दव धरते. उघडलेली नळी पारदर्शक भागांच्या डब्यात कधीच नको; तिच्या वाफेने विमानाची काच पांढुरकी होते.

अर्धवट काम ए-फोर मापाच्या झाकणाच्या ट्रेमध्ये, माहितीपत्रकासह ठेवावे. एका ट्रेमध्ये एकच किट. कापलेला भाग स्प्रूच्या अक्षरासह आणि क्रमांकासह छोट्या पिशवीत जावा, कारण स्प्रू टाकून दिल्यावर तो क्रमांक पुन्हा सापडत नाही.

शेवटची गोष्ट नोंदवहीची. प्रत्येक खोक्याच्या बाहेर दिसणाऱ्या आखूड बाजूवर क्रमांक घालावा. वहीत त्यापुढे प्रमाण (१:७२, १:४८, १:३५), विषय आणि खोक्यातून बाहेर काढलेल्या वस्तूंची जागा लिहावी: डिकाल कोणत्या फाइलमध्ये, टायर कोणत्या डब्यात, पितळी पत्र्याचे भाग कुठे. टायरांच्या पिशवीवरही तोच क्रमांक हवा.

आपले,
मॉडेल किट जुळवणारे काही वाचक