बार जड लागतो म्हणून काईट विकायची?

मांद्रे, रविवार

प्रिय बाळ्या,

सहा महिने पत्र नाही, शिव्या घाल, कबूल. तब्येत ठीक, आईचा गुडघा आहे तसाच. आज बसलो कारण मंजू म्हणाली, तू काईटसर्फिंगची तुझी नऊ चौरस मीटरची काईट विकायला काढलीयेस, 'बार (हातातला दांडा) जड लागतो' म्हणून. अरे, थांब की!

तुझं वजन सेंटर लाइनी, म्हणजे मधल्या दोन दोऱ्या, हार्नेसमधून, कमरेच्या पट्ट्यातून पेलतात. हाताला लागतो तो बॅक लाइनींचा, म्हणजे बारच्या दोन टोकांना बांधलेल्या दोऱ्यांचा ताण. सी-काईटला (सी अक्षरासारखी वाकलेली) ब्रायडल, म्हणजे ओढ वाटून देणारं दोऱ्यांचं जाळं, नसतो, चारही लाइनी थेट टोकांना, म्हणून बॅक लाइनींची ओढ सरळ मनगटात. चपट्या बो-काईटला लीडिंग एजवर, म्हणजे हवा भरलेल्या पुढच्या कडेवर, ब्रायडल, त्यामुळे बार ढकलला की जोर झटकन उतरतो. यावरून आप्पा अजून सांगतो की बो म्हणजे हलका हात. थापा! 2005 च्या आसपास आलेल्या पहिल्या बो-काईटांचा बार जड म्हणूनच बदनाम होता.

आणि जड म्हणजे चपळ नव्हे, हलका म्हणजे मंद नव्हे, यावर आपण केवढे भांडलोय. पण एकाच काईटवर दोन्ही एकमेकांशी बांधलेले असतात. टोकाला बॅक लाइन अडकवायच्या दोन-तीन जागा असतात ना? ट्रेलिंग एजकडची, म्हणजे मागच्या कडेजवळची, घेतली तर तरफ लांब होते, हात हलका, वळण मंद. पुढची घेतली तर वळण झटपट, हात जड. दोन्ही बाजूंना एकच जागा, बरं का. डावीकडे एक, उजवीकडे दुसरी बांधून 'काईट डावीकडे ओढते' म्हणणारे महाशय कोण होते?

पण तुझ्या काईटबद्दल माझा संशय वेगळाच आहे. सेंटर लाइनींवर भार जास्त, म्हणून त्या जास्त ताणतात आणि बॅक लाइनी आपोआप आखूड पडतात. मग काईटला कायम ब्रेक लागलेला: हात भरून येतो, काईट पुढे सरकत नाही, झुळूक मंदावली की मागे कोसळते. ट्रिम (मधल्या लाइनी आखूड करायचा पट्टा) पूर्ण सोड, चिकन लूप (हार्नेसला अडकणारी कडी) खुंटीला अडकव, बार पूर्ण आत ओढ, चारही टोकं एकत्र ताण. बहुतेक बारांवर ती सारखी यायला हवीत. बॅक लाइनी आखूड निघाल्या तर काईटच्या शेपट्यांवर, म्हणजे लाइन अडकवायच्या गाठीदार आखूड दोऱ्यांवर, एक गाठ बाहेर सरक, एकच. मग काईट डोक्यावर ठेवून बार हळूहळू पूर्ण ओढ. मागे घसरली तर आणखी एक गाठ. फार सरकवलीस तर बार लुळा पडेल, वळायलाच नको म्हणेल.

हवा काईटवर छापलेल्या दाबाइतकी भर; लीडिंग एज मऊ राहिली की टोकं पिळतात आणि काईट उशिरा ऐकते. हा आळस तुझा जुनाच.

अगदी हलक्या बाराच्या मागेही लागू नकोस. लाटेवर नजर असताना काईट कुठे आहे ते हातालाच कळतं, आणि हात रिकामा असेल तर काही कळत नाही.

नवी नोकरी, नवं घर, अभिनंदन वगैरे. वहिनींना नमस्कार. जूनमध्ये श्रीलंकेत कल्पिटियाला निघण्याआधी एक दुपार गाठ बदलून उडव. तरी विकायचीच असेल तर मला विक, अर्ध्या किमतीत.

तुझा,
दिग्या